साथीच्या काळात स्टाफचं मन सांभाळायचं म्हणजे नेमकं काय करायचं? (३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय, यावल-चोपडा पट्टा)

सिस्टर_यावलपट्टा विचारतात:

नमस्कार मंडळी.

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयाचा साथ-आराखडा नव्याने लिहायचं काम माझ्याकडे आलंय. ऑक्सिजन, खाटा, औषधसाठा, रुग्णवाहिका या सगळ्यांचे तक्ते तयार आहेत. ‘कर्मचाऱ्यांचे मानसिक आरोग्य’ या मथळ्याखाली मात्र एकच ओळ आहे: ‘समुपदेशनाची व्यवस्था करावी.’ कुणी, कधी, कुठे, काही नाही. ती ओळ काढून तिथे प्रत्यक्षात करता येईल असं काही लिहायचंय.

माणसं अशी आहेत: ३ डॉक्टर, ७ अधिपरिचारिका (स्टाफ नर्स), १ लॅब टेक्निशियन, १ औषधनिर्माता, ३ कक्षसेवक, ४ सफाई कामगार, २ चालक. साथ आली की १० खाटांचा वेगळा कक्ष उघडायचा. मानसोपचारतज्ज्ञ फक्त जिल्ह्याला.

माझे प्रश्न: ड्युटी लिस्ट कशी लावावी म्हणजे माणसं मोडणार नाहीत? पीपीई किट (संसर्गापासून बचावाचा पूर्ण पोशाख) घातलेल्या माणसाला आतच घाबरल्यासारखं झालं तर काय करायचं? कुणाला डॉक्टरकडे पाठवायचं हे कसं ओळखायचं? आणि गावात फिरणाऱ्या आशाताईंसाठी काय लिहायचं? व्याख्यानं ऐकून झाली आहेत. मला कागदावर उतरवता येतील अशा पायऱ्या हव्यात.

---

ड्युटीलिस्ट_धुळे यांचं उत्तर:

ताई, सुरुवात समुपदेशनापासून करू नका, ड्युटी लिस्टपासून करा. झोप आणि पाणी न मिळालेल्या माणसाला कितीही समजावलं तरी ते आत उतरत नाही.

आधी गणित. एक जागा २४ तास, ७ दिवस चालवायची म्हणजे आठवड्याचे १६८ तास. ६ तासांची पाळी, आठवड्याला ६ पाळ्या, म्हणजे एका सिस्टरचे ३६ तास. १६८ भागिले ३६ म्हणजे ४.६७, म्हणून कागदावर पाच जणी पुरतात असं वाटतं. इथेच चूक होते. ६ तासांच्या पाळीत एक बदल रात्री १ वाजता येतो, आणि रात्री १ वाजता कुठलीही सिस्टर गावाहून येऊ शकत नाही की घरी जाऊ शकत नाही. म्हणून रात्र १२ तासांची धरायची, संध्याकाळी ७ ते सकाळी ७, आणि तिला दोन जणी ठेवायच्या. एक आत, एक झोपलेली, १ वाजता अदलाबदल. आता पुन्हा मोजा: दिवसाच्या ६ तासांच्या दोन पाळ्या, आठवड्याचे ८४ तास. रात्रीचे १२ गुणिले २ गुणिले ७, म्हणजे १६८. बेरीज २५२. भागिले ३६ म्हणजे बरोबर ७.

म्हणजे १० खाटांचा तो कक्ष एकटाच तुमच्या सातही जणी घेतो, तेही कुणी आजारी पडलं नाही, कुणाची रजा नाही असं धरून. प्रसूती, ओपीडी, लसीकरण यांना मग कुणीच उरत नाही. आराखड्यात हे असंच मांडा आणि जिल्हा शल्य चिकित्सकांना साथ यायच्या आधीच कळवा की कक्ष उघडल्या दिवसापासून किमान ५ अधिपरिचारिका बाहेरून लागतील. ‘कर्मचाऱ्यांवर ताण आहे’ एवढंच लिहिलेल्या पत्राला कुणी काय उत्तर देणार? तासांचं गणित मांडलेल्या पत्राला आकड्यात उत्तर द्यावं लागतं.

लिस्ट लावताना पाळीचा क्रम सकाळ, मग दुपार, मग नाइट असा पुढे सरकता ठेवा. नाइटवरून एकदम दुपारी, दुपारवरून सकाळी असा उलटा फिरवला की झोप बसत नाही. सलग नाइट ३ पेक्षा जास्त नको, शेवटच्या नाइटनंतर पूर्ण २ दिवस ऑफ, आणि दोन पाळ्यांमध्ये किमान ११ तास. लिस्ट १५ दिवस आधी लावा. आयत्या वेळी बदल करावाच लागला तर ज्या सिस्टरची पाळी वाढली तिच्या नावापुढे तास लिहून ठेवा आणि पुढच्या पंधरवड्यात ते परत करा. बदलीला नेहमी ‘हो’ म्हणणारीच सगळ्यात आधी कोसळते, आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही, कारण तिने कधी तक्रार केलेली नसते.

किटमध्ये सलग ३ तास, मग अर्धा तास बाहेर, मग पुन्हा अडीच तास. त्या अर्ध्या तासात आत कोण उभं राहणार त्याचं नाव लिस्टमध्ये हवं. नुसतं ‘ब्रेक द्यावा’ लिहिलं की ब्रेक मिळत नाही. बाहेर आल्यावर १ लिटरच्या ओआरएसमधले निदान दोन ग्लास, दोन केळी, आणि लघवीला जाणं. किट काढावं लागेल म्हणून पाणीच न पिण्याची सवय आपल्याकडे फार आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या आसपास असताना ही सवय धोक्याची. रुग्णालयात वजनकाटा असतोच. पाळीच्या आधी आणि नंतर वजन करा. १ किलो कमी भरलं म्हणजे साधारण १ लिटर पाणी अंगातून गेलं. हा आकडा भिंतीवरच्या तक्त्यात चार दिवस लिहिलात की पाणी प्या म्हणून सांगावं लागत नाही.

विश्रांतीची खोली कक्षापासून दूर, खिडकीला जाड चादर, चालू कूलर, आतून कडी, जवळ बायकांचं स्वच्छतागृह आणि तिथे सॅनिटरी पॅड ठेवलेले. मासिक पाळीच्या दिवसांत ३ तास किटमध्ये राहायचं याची धास्तीच किती असते, हे आराखडे लिहिणाऱ्यांना बहुधा सुचत नाही.

नाइटवाल्यांसाठी दोन गोष्टी. सकाळी ९ ला झोपायचं असेल तर शेवटचा चहा पहाटे ३ ला, त्यानंतर नाही. चहातलं कॅफीन अर्धं उतरायलाच ५-६ तास लागतात. आणि रात्रभर जागून दुचाकीवर घरी जाऊ नका. सलग १७-१८ तास जागं राहिलेल्या माणसाचा हात आणि नजर दारू घेतलेल्या माणसासारखी मंदावते. एक तास झोपून निघा, किंवा चालकाकडून दोघी-तिघींना एकत्र सोडा.

आता एक गोष्ट जी मनाच्या यादीत कुणी धरत नाही: ऑक्सिजन. ‘सिलिंडर कधी संपेल’ ही धास्ती रात्रभर डोक्यात ठेवून काम करणं हा सगळ्यात मोठा ताण. तो बोलून जात नाही, मोजून जातो. जंबो सिलिंडरमध्ये भरलेला असताना सुमारे ७,००० लिटर वायू असतो, गेजवर साधारण १५० किलो दाब. हिशेब सोपा: गेजचा आकडा गुणिले ४७ म्हणजे उरलेले लिटर. गेज ७५ दाखवतंय, म्हणजे साडेतीन हजार लिटर. १० लिटर प्रति मिनिटाने चालू असेल तर ३५० मिनिटं, पावणेसहा तासांच्या आसपास. १५ लिटरवर पावणेचार तास. हाय फ्लो (नाकातून जोराच्या प्रवाहाने ऑक्सिजन देणारं यंत्र) ६० लिटरवर असेल तर तासभरसुद्धा नाही. दर दोन तासांनी फळ्यावर खाट क्रमांक, गेज, लिटर आणि ‘किती वाजता संपेल’ हे लिहायचं. गेज २० वर आलं की बदलायचं, शून्याची वाट बघायची नाही. नंदुरबार जिल्ह्यात कोविडच्या वेळी ‘ऑक्सिजन परिचारिका’ नेमल्या होत्या, साधारण २० रुग्णांमागे एक. त्यांचं काम रुग्णाची पातळी बघून प्रवाह कमी-जास्त करणं. वाया जाणारा ऑक्सिजन वाचला हा फायदा सगळ्यांना माहीत आहे. पण बाकीच्या सिस्टरच्या डोक्यावरचं एक ओझं एका नावावर गेलं, हा फायदाही तेवढाच मोठा.

---

मनोसेवा_जळगाव यांचं उत्तर:

वरचं सगळं आधी करा, मगच माझं वाचा. मी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या अंगाने लिहितोय.

किटमध्ये घाबरल्यासारखं होणं. आपल्या भागात याचं पहिलं निदान ‘भीती’ असं कधीच करू नका. छाती धडधडणं, गरगरणं, हातपाय थरथरणं, श्वास पुरत नाही असं वाटणं ही लक्षणं पॅनिकची (अचानक येणाऱ्या भीतीच्या झटक्याची) आहेत, उष्माघाताच्या आधीच्या थकव्याची आहेत आणि साखर कमी झाल्याचीही आहेत. ‘घाबरली आहे, बसू दे’ म्हणून उष्म्याने आजारी पडलेल्या सिस्टरला कोपऱ्यात बसवणं ही जिवावरची चूक होऊ शकते. बाहेर काढल्यावर पाच मोजमापं: तापमान, नाडी, ऑक्सिजन, बीपी, साखर. पॅनिक साधारण १० मिनिटांत शिगेला जातं आणि अर्ध्या तासात आपसूक ओसरतं, अंग तापत नाही. उष्म्याचा थकवा गार केल्याशिवाय, पाणी-मीठ दिल्याशिवाय उतरत नाही, लघवी गडद होते, पायात गोळे येतात. अंग ४० अंश सेल्सिअसच्या वर गेलं किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला तर ती इमर्जन्सी. तिथे समुपदेशन नाही. बर्फ, ओली चादर, पंखा, सलाइन.

आत असताना काय करायचं याची खूण आधी ठरवा: दोन्ही हात छातीसमोर फुलीसारखे. ही खूण दिसली की जोडीदार काम हातात घेतो, प्रश्न विचारत नाही. ज्याला त्रास होतोय त्याने हातातली सुई-सिरिंज ट्रेमध्ये ठेवायची, पाठ भिंतीला टेकवायची, टाचा जमिनीत दाबायच्या. दीर्घ श्वास घे असं सांगू नका. एन-९५ मधून जोरात श्वास ओढायला गेलं की मास्क चेहऱ्याला चिकटतो आणि गुदमरल्याची भावना वाढते. श्वास येईल तसा येऊ दे, सोडताना मात्र लांबवायचा, सहा अंक मोजत. असे दहा श्वास, एक-दीड मिनिट. डोळे मिटायचे नाहीत. मॉनिटरवरचे आकडे मोठ्याने वाचायचे. पुस्तकांत वास घ्या, वस्तू हाताळा असं लिहिलेलं असतं. दुहेरी हातमोजे आणि मास्क घातलेल्या माणसाला ते जमत नाही, म्हणून पाय आणि डोळे.

मग किट काढणं. घाबरलेला माणूस पहिल्यांदा मास्क ओढतो आणि तिथेच संसर्ग होतो. जोडीदाराने काढण्याच्या पायऱ्या भिंतीवरच्या कागदावरून मोठ्याने, सावकाश वाचाव्यात. मास्क सगळ्यात शेवटी, कक्षाच्या बाहेर. ही तालीम साथ नसताना महिन्यातून एकदा करा. अंगाला सवय असली की ऐनवेळी डोकं चाललं नाही तरी हात चालतात.

आता ‘रडणाऱ्याशी काय बोलायचं’. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानसिक प्रथमोपचाराच्या तीन पायऱ्या आहेत: पाहा, ऐका, जोडा. पाहा म्हणजे इजा आहे का, जेवण-झोप झालीय का, हा माणूस आत्ता कामावर राहण्याच्या स्थितीत आहे का. ऐका म्हणजे शेजारी बसा, समोर नको, आणि एकच प्रश्न विचारा. आपल्याकडे अर्ध्या स्टाफचं घरचं बोलणं अहिराणीत चालतं. ‘काय व्हयनं?’ (काय झालं?) एवढं विचारून गप्प बसलात तर पुष्कळ होतं. गप्प बसणं जड जातं, पण मिनिटभर तरी बसा. जोडा म्हणजे पुढची एक ठोस गोष्ट: घरी फोन लावून देणं, उरलेली पाळी कुणाला देणं, किंवा डॉक्टरांशी बोलणं करून देणं. ‘हिंमत ठेव’, ‘तुझ्यापेक्षा वाईट परिस्थितीत लोक आहेत’, ‘देवाची इच्छा’ ही तीन वाक्यं टाळा. ती ऐकली की समोरचा पुढचं बोलणं गिळतो.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती चांगल्या हेतूने चुकते. मोठी घटना घडल्यावर सगळ्यांना गोल बसवून ‘काय पाहिलं, काय वाटलं ते बोला’ अशी एकच सक्तीची बैठक घेऊ नका. त्याने पुढचा पीटीएसडी (धक्क्यानंतर टिकून राहणारा मानसिक आजार) टळत नाही, काहींचा त्रास उलट वाढतो. त्याऐवजी पाळी बदलताना १० मिनिटं उभ्याने भेटा. तीनच गोष्टी: आज कोण जेवलेलं नाही, पुढच्या पाळीला कोण कमी आहे, आज कक्षात कुठली एक गोष्ट बदलायची. ज्याला मनातलं सांगायचं असेल तो नंतर थांबेल. त्याला थांबायला जागा आणि माणूस ठेवा, एवढंच.

जोड्या लावा. दोघं एकाच दर्जाचे. वरिष्ठ-कनिष्ठ अशी जोडी लावली की कनिष्ठ खरं सांगत नाही आणि वरिष्ठ तर मुळीच सांगत नाही. पाळीच्या सुरुवातीला आणि शेवटी दोन मिनिटं: झोपलीस का, जेवलीस का, डोक्यात काय अडकलंय? या बोलण्याची नोंद कुठेही नको. वहीत सही घ्यायला लागलात की दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांचं उत्तर ‘ठीक आहे’ असं येतं.

कुणाला पाठवायचं. पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची मराठी प्रश्नावली छापून विश्रांतीच्या खोलीत ठेवा. गेल्या २ आठवड्यांबद्दलचे प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. ज्याची त्याने भरायची, ज्याची त्याने ठेवायची, रुग्णालयाने गोळा करायची नाही. शेजारी कागद चिकटवा: ‘१० किंवा जास्त आले तर बोला.’ नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याबद्दलचा आहे. त्याला शून्याशिवाय काहीही उत्तर असेल तर एकूण बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी बोलायचं आणि त्या माणसाला एकटं घरी पाठवायचं नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक २४ तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत, नाव सांगायची सक्ती नाही. ऑक्टोबर २०२२ पासून ही सेवा आहे, म्हणजे कोविडच्या दोन्ही मोठ्या लाटांत ती आपल्या हाताशी नव्हती. आता आहे, तर आराखड्यात क्रमांकासकट लिहा.

लोक येत नाहीत त्याचं मोठं कारण गुप्ततेची भीती. ‘सिस्टरला मानसिक आहे’ अशी चर्चा होईल, बढतीला अडचण येईल. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २३ ने ही माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे. हे वाक्य त्या कागदावर छापा. आणि ओपीडी त्याच रुग्णालयात नको. शेजारच्या तालुक्याला किंवा फोनवर.

झोपेच्या गोळ्यांबद्दल कळकळीने सांगतो. औषधाचं कपाट हाताशी असल्याने आपल्या क्षेत्रात अल्प्राझोलमसारख्या गोळ्या स्वतःच सुरू करायची सवय लागते. काही आठवड्यांतच त्यांच्याशिवाय झोप येत नाही, सोडायला गेलं की धडधड दुप्पट. ताज्या धक्क्यानंतरच्या पहिल्या महिन्यात या गोळ्या सरसकट देऊ नयेत असंच मार्गदर्शन आहे. अशा गोळ्यांच्या कपाटाची किल्ली आणि नोंद दोघांच्या हाताखाली ठेवा, एकट्याच्या नको.

शेवटचं: लाट ओसरली की काम संपलं असं धरू नका. धावपळ थांबल्यावरच बऱ्याच जणांना झोप उडणं, त्याच वॉर्डात जायला पाय न उचलणं, मॉनिटरचा आवाज घरी ऐकू येणं सुरू होतं. महिन्यापेक्षा जास्त टिकलं तर तज्ज्ञाकडे. आराखड्यात कक्ष बंद झाल्यापासून १, ३ आणि ६ महिन्यांनी पुन्हा विचारपूस अशा तारखा टाका.

---

गटप्रवर्तक_अक्राणी यांचं उत्तर:

नमस्कार ताई. आशांबद्दल.

आशेचा ताण तीन गोष्टींचा असतो: उद्दिष्ट, अपमान आणि मोबदला. यातली एकही गोष्ट समुपदेशनाने सुटत नाही.

उद्दिष्ट. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली तेव्हा एका पथकाला दिवसाला ५० घरं होती. सपाटीवरच्या गावात घराला घर लागून असतं. धडगाव-अक्कलकुव्याकडे पाडे डोंगरावर विखुरलेले, एका घरापासून दुसऱ्या घरापर्यंत उतरून पुन्हा चढावं लागतं. तिथे ५० चा आकडा म्हणजे आशेने रोज हरायचं. तुमच्या आराखड्यात उद्दिष्ट घरांत लिहू नका, चालण्याच्या तासांत लिहा: सकाळी ७ ते ११, मग उन्हात नाही, ४ नंतर दोन तास. तेवढ्यात जितकी घरं होतील तितकी. यावल-चोपड्याच्या वरच्या पाड्यांनाही हेच लागू. आणि गुजरातकडे ऊसतोडीला गेलेली कुटुंबं होळीला परततात, तेव्हा आशेचं काम एकदम वाढतं. त्या पंधरवड्याला दुसरी माणसं आधीच मागून ठेवा.

एकच माहिती वहीत, कागदी फॉर्मवर आणि मोबाइलवर अशी तीनदा भरणं थांबवा. रात्री ११ पर्यंत नेटवर्क शोधत माहिती भरणं यानेच झोप जाते. जिथे नेटवर्क नाही तिथल्या आशेची वही गटप्रवर्तकाने (आशांच्या पर्यवेक्षिकेने) आठवड्यातून दोनदा आणायची आणि केंद्रावर भरायची.

अपमान. दार लावून घेणं, पाण्याला नकार, घरमालकाने खोली सोडायला सांगणं. आशेला एकटी पाठवू नका, जोडीने पाठवा, आणि पहिल्या फेरीला पाड्याचा कारभारी किंवा पोलीस पाटील सोबत हवा. पावरी-भिलोरी बोलणारी आशा नसेल तर बोलणारी बाई सोबत द्या. न कळणाऱ्या भाषेतल्या सूचनेला लोक रागानेच उत्तर देतात. लसीबद्दल, मृतदेहाबद्दल नेहमी विचारले जाणारे सात-आठ प्रश्न आणि त्यांची एकसारखी उत्तरं आधीच पाठ करून घ्या. एका आशेने एक सांगितलं आणि दुसरीने दुसरं, की दोघी खोट्या ठरतात.

कायदाही त्यांच्या हातात द्या. साथरोग अधिनियम १८९७ मध्ये २०२० साली दुरुस्ती झाली. साथीच्या काळात आरोग्य कर्मचाऱ्यावर हिंसा हा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा. ३ महिने ते ५ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. गंभीर इजा असेल तर ६ महिने ते ७ वर्षं आणि १ लाख ते ५ लाख. तपास निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने ३० दिवसांत करायचा. मारहाणच हवी असं नाही: राहण्या-काम करण्याच्या परिस्थितीवर परिणाम होईल असा छळही त्यात येतो, आणि समुदाय आरोग्य कर्मचारीही व्याख्येत आहेत. पण आशेला एकटीला ठाण्यात पाठवलं तर ती जात नाही. फिर्याद द्यायला वैद्यकीय अधिकाऱ्याने सोबत जायचं, असं लिहा.

मोबदला. कुठल्या कामाचे किती, कुठल्या महिन्यात जमा होणार, हे काम सुरू व्हायच्या आधी लेखी. थकलेल्या मोबदल्याची चिंता घरी रोज विचारली जाते, आणि घरून पाठिंबा तुटला की आशा तुटते.

---

सिस्टर_यावलपट्टा:

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री दोन जणी धरून गणित कुणी केलंच नव्हतं, ते तसंच्या तसं पत्रात घातलंय. जोड्याही लावल्या: ६ अधिपरिचारिकांच्या तीन जोड्या, सातवी लॅबवाल्यांसोबत, डॉक्टर तिघं एकमेकांत, कक्षसेवक तिघं, सफाईवाले दोन-दोन, चालक एकमेकांना. औषधनिर्माते दादा डॉक्टरांसोबत बसतील.

अजून दोन गोष्टी राहिल्या. नातेवाइकांना मृत्यूची बातमी फोनवर देण्याचं काम. आणि मृतदेह बांधणारे सफाईवाले-कक्षसेवक.

---

एमओ_शिरपूररोड यांचं उत्तर:

फोनचं काम रोज एकाच सिस्टरवर पडू देऊ नका. तिचा आवाज चांगला, ती शांत बोलते, म्हणून सगळे तिलाच पुढे करतात. डॉक्टरने करायचा, जोडीदार शेजारी बसलेला. खोलीत शांतता, केसपेपर समोर, वेळ नीट माहीत. पलीकडे कोण बोलतंय हे आधी विचारा, गाडी चालवत असेल तर थांबवायला सांगा, जवळ कुणी आहे का विचारा. मग ‘बातमी चांगली नाही’ एवढं बोलून क्षणभर थांबा. मग स्पष्ट शब्द: ‘आई वारल्या, पहाटे ४ वाजून १० मिनिटांनी.’ ‘सीरियस आहेत, या’ असं खोटं बोलून बोलावून घेऊ नका. माणसं धावत येतात, वाटेत अपघात होतात, आणि फाटकावर भांडण होतं. त्यानंतर गप्प राहा, पलीकडचा बोलेपर्यंत. शेवटी एकच सांगा: पुढे कुणाला, कुठल्या क्रमांकावर भेटायचं. फोन ठेवल्यावर १० मिनिटं बाहेर. लागोपाठ दुसरा फोन त्याच माणसाने करायचा नाही.

रुग्ण जिवंत असताना रोज ठरलेल्या वेळी, समजा ५ ला, दोन मिनिटांचा फोन किंवा व्हिडिओ कॉल करून दिलात तर शेवटचा फोन दोन्ही बाजूंना थोडा सोसवतो. खाट, ऑक्सिजन कुणाला द्यायचा हा निर्णयही आतल्या एकट्या सिस्टरवर सोडू नका. दोन डॉक्टरांच्या सह्या, वेळेसकट, कारण एका ओळीत. पुढे महिनोन् महिने ‘मी दिला असता तर’ हा प्रश्न जो खातो, त्याला उत्तर म्हणून तो कागद लागतो. त्या दिवशी किती खाटा होत्या, किती सिलिंडर होते, ठरवलं कुणी, हे त्यावर दिसतं.

मृतदेहाचं काम: दोघं मिळून, एका पाळीत एका जोडीला दोनपेक्षा जास्त शक्यतो नको, आणि नवीन मुलाला पहिल्याच दिवशी एकटं नको. काय दिसेल ते आधी सांगा. चेहरा झाकण्याआधी अर्धं मिनिट हात जोडून उभं राहायला वेळ द्या. ती सवय असलेल्या लोकांची ती गरज आहे, त्यात काम अडत नाही. काम झाल्यावर साबणाने अंघोळ, स्वच्छ कपडे, गरम चहा-नाश्ता हे रुग्णालयाकडून, त्यांच्या खिशातून नाही. सफाईवाले कंत्राटी असतील तर त्यांचं नाव विम्याच्या, लसीच्या आणि विश्रांतीच्या खोलीच्या यादीत आहे का, हे आजच तपासा. साथ सुरू झाल्यावर कंत्राटदार आणि कार्यालय एकमेकांकडे बोट दाखवतात. १० मिनिटांच्या उभ्या भेटीलाही त्यांना बोलवा. कोण जेवलेलं नाही हे बहुतेक वेळा मावशींनाच आधी माहीत असतं.

---

मनोसेवा_जळगाव:

ताई, तुमची जोड्यांची यादी दोनदा वाचली. त्यात तुमचंच नाव नाही.

हाताखालच्या सिस्टरसोबत जोडी लावू नका, त्यांच्यासाठीही ते बरं नाही. शेजारच्या तालुक्याच्या रुग्णालयातल्या परिसेविकेला (इनचार्ज सिस्टरला) विचारा. रोज संध्याकाळी साडेसातला, हँडओव्हर झाल्यावर, पाच मिनिटांचा फोन, जोडीचे तेच तीन प्रश्न. दोघींच्या लिस्टमध्ये ती वेळ लिहा, आणि सलग दोन दिवस तुमचा फोन आला नाही तर त्यांनी कुणाला कळवायचं ते नाव आजच ठरवा.